ढासळणाऱ्या बांधाच्या बाजूने

दर वर्षी २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन साजरा होतो. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या दिवशी शाळेची मुले खाडीकाठी आणतात, त्यांच्या हाती आळीपाळीने दुर्बीण देतात, पाटीवरची रोहित पक्ष्यांची चित्रे दाखवतात. मग मुले लाकडी फळ्यांच्या पायवाटेवरून, बुटाला चिखल न लागू देता, परत बसमध्ये जाऊन बसतात. यामागची समजूत अशी की माणसे पाणथळीपासून तुटली कारण त्यांनी ती पाहिलेली नाही. दाखवली की ओढ वाटेल, आणि ओढ वाटली की जपतील.

ही समजूत सद्हेतूची आहे आणि उथळ आहे. किनाऱ्यावरच्या माणसाचे पाणथळीशी नाते पाहण्यातून कधी जुळलेलेच नव्हते. तिचाच चिखल उपसून, तो थापून, दहाजणांनी मिळून बांध घालण्यातून ते जुळले. आणि तो बांध दर वर्षी कुठे ना कुठे ढासळत राहिला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकले. नाते परत हवे असेल तर हे बांधकाम परत आणावे लागेल: माती, पेंढा, तिवराच्या फांद्या आणि जांभा यांचे, सामायिक आणि पुनःपुन्हा करावे लागणारे. ‘पर्यावरणपूरक साहित्य’ म्हणून मातीचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला तिची शिफारस तिच्या दोषासाठी करायची आहे.

१. ही जमीन आली कुठून?

गोव्यात तिला खाजन म्हणतात, रायगडात खार; आणि अलिबाग-पेणच्या अशा पट्ट्याला खारेपाट. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या महसुली भाषेत तिचे एक नाव शिलोत्री. खाडीच्या भरतीरेषेखालची ही जमीन मुळात तिवरांची होती. लोकांनी तिच्या बाहेरच्या अंगाला मातीचा बांध घातला आणि बांधात झडप बसवली. गोव्यात त्या झडपेच्या बांधकामाला मानस म्हणतात, रायगडात उघाडी. झडप लाकडी असते आणि एकाच दिशेने उघडते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर ढकलली जाते आणि शेतातले पाणी खाडीत जाते. भरतीला बाहेरचे पाणी तिलाच रेटून मिटवते. यंत्र नाही, इंधन नाही, चोवीस तासांत दोनदा उघडायला आणि दोनदा मिटायला कुणाचा हातही लागत नाही. पावसाळ्यात जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुटसारखे खारवट जमिनीत तग धरणारे भात होते. आतल्या नाल्यांत आणि खोलगट जागी मासे वाढतात. खारेपाटातला शेतकरी जिताडा पाळतो तो याच पाण्यावर.

गोव्यात अशी जमीन सुमारे साडेसतरा हजार हेक्टर सांगितली जाते, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या भोज राजांच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. म्हणजे जिथे आपण आज बगळे आणि तुतारी पक्षी पाहायला जातो, त्या पाणथळीचा मोठा भाग दीड हजार वर्षे माणसांच्या हातांखालून गेलेला आहे.

कायद्याला मात्र हे पचत नाही. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांतली व्याख्या भातशेतीला पाणथळीतून वगळते; सिंचनासाठी, मिठासाठी, मत्स्यशेतीसाठी मुद्दाम केलेली बांधकामेही वगळते. उलट रामसर कराराच्या २००८ साली कोरियात झालेल्या परिषदेने भातशेती ही पाणथळ परिसंस्था आहे असा ठरावच केला. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने गोव्यातल्या खाजनांचे नाव घेऊन त्यांना संरक्षण दिले, हे खरे. पण तिथेही भर इथे काय करू नये यावर आहे. काय करत राहिले पाहिजे, याला आपल्याकडे कलम नाही. पाणथळ म्हणजे माणसाचा हात न लागलेली जागा, ही शहरी कल्पना नियमात जाऊन बसली आहे.

२. चिखल हाती घेतल्यावर काय कळते?

बांध फुटून भगदाड पडते त्याला खांड म्हणतात. खांड एकदम पडत नाही. आधी चिंबोरीचे किंवा उंदराचे बीळ असते. त्यातून भरतीचे पाणी सुतासारखे आत येते. ते गढूळ असेल तर समजायचे की ते बांधाची माती सोबत घेऊन येते आहे. बोटाएवढे भोक मनगटाएवढे व्हायला दोन-चार भरत्या पुरतात, आणि अमावास्येचे उधाण आले की वरची माती खचते. हे लवकर ओळखायचे तर बांधावरून रोज पायी जाणारे कुणीतरी लागते. बांधावरून चालणे ही तपासणी असते, तिथे मौज म्हणून कुणी फिरत नाही.

भरणी केव्हा करायची हे पंचांग सांगते. या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती कमी चढते आणि ओहोटीही फार उतरत नाही. खांड भरायची ती तेव्हा. ताज्या मातीला बसायला पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या उधाणापर्यंत आठवडाभर मिळतो. उधाणाच्या तोंडावर टाकलेली माती म्हणजे खाडीला दिलेला नैवेद्य.

मग माती. ती बांधाच्या पायथ्याची काढून चालत नाही, पाया उघडा पडतो. फार लांबून आणली तर ओहोटी निघून जाते. रेताड चिखल पाण्यात विरघळतो. चिकट, निळसर काळा गाळ हवा. तो ओळखायचा म्हणजे मूठभर घेऊन तळव्यांमध्ये वळी करायची. न चिरता वळली तर माती कामाची. फावड्याने तिची ढेपळे कापतात आणि माणसांची रांग लावून ती हातोहात खांडीपर्यंत पोहोचवतात. एक थर ढेपळे, वर पेंढा किंवा तिवराच्या काटक्या, पुन्हा ढेपळे, आणि प्रत्येक थर पायांनी तुडवायचा. बाहेरच्या अंगाला, लाट आदळते तिथे, जांभ्याचे दगड. गुडघाभर चिखलात उभे राहून दोन तास ढेपळे पुढे देणाऱ्याला भरती किती वाजता येणार हे सांगावे लागत नाही. पोटऱ्यांना पाणी थंड लागू लागते.

हे सगळे ज्ञान आहे, आणि ते पाटीवर लिहिता येत नाही. माती, तिथी, खेकडा, शेजारचा माणूस आणि पेंढा यांना एकाच वेळी धरून ठेवणारे काम चालू असेल तरच ते राहते. काम थांबले की एका पिढीत जाते. दुसऱ्या पिढीला मग खाडी ‘निसर्गरम्य’ दिसू लागते.

३. न ढासळणारा बांध कुणाला एकत्र आणतो?

आता माझ्या म्हणण्याचा गाभा. अभियंत्याला मातीच्या बांधाचा दोष असा दिसतो की तो दर वर्षी दुरुस्त करावा लागतो. माझ्या मते त्या दोषानेच गाव बांधलेले होते.

हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. या प्रश्नावर गंभीर अभ्यास झालेला आहे. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या पुस्तकात फिलिपिन्सच्या इलोकोस प्रांतातल्या झांजेरा नावाच्या पाणीसंस्थांचे वर्णन केले आहे. त्यांचे नदीवरचे बंधारे बांबू, केळीची पाने, वाळू आणि दगडांचे. पुरात ते वाहून जातात, एखाद्या वर्षी एकाहून अधिक वेळा. दर खेपेला सभासदांनी साहित्य घेऊन हजर व्हायचे आणि पुन्हा बांधायचे. कुणी किती दिवस काम केले, कुणी दांडी मारली याची नोंद होते. इतका कच्चा बंधारा असलेली संस्था केव्हाच मोडायला हवी होती. ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालली.

ऑस्ट्रम आणि रॉय गार्डनर यांनी १९९३ च्या एका निबंधात नेपाळमधल्या शेतकऱ्यांच्या पाटांवरून याचे कारण उलगडले. पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला पाणी आपोआप मिळते. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला त्याच्या मर्जीवर राहावे लागते. पण बंधारा कच्चा असेल तर तोंडाशी असलेल्याला दर वर्षी टेलवाल्याच्या हातांची गरज पडते, आणि त्या बदल्यात त्याला टेलपर्यंत पाणी सोडावे लागते. बाहेरच्या मदतीने पक्का, देखभाल न लागणारा बंधारा झाला की ही गरज संपते. तोंडवाला मोकळा होतो, टेल कोरडे पडते. म्हणजे सिमेंट नुसते पाणी अडवत नाही. दुबळ्याच्या हातातले सौदा करण्याचे एकमेव साधनही काढून घेते.

खारजमिनीत ही सक्ती आणखी कडक असते. बांधाआतली जमीन ताटासारखी सपाट. खांड कुणाच्याही शेताजवळ पडो, पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. बांधालगतच्या अर्ध्या एकराचा मालक आणि आतल्या दहा एकरांचा मालक यांना भरती एकाच भावात मोजते. खारेपाटात एका बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या बांधाच्या, आतल्या शेतकऱ्यांच्या गटाला जोळ म्हणत आणि बांधाची जबाबदारी जोळीची असे. गोव्यात ती गावकरीची, म्हणजे पुढे पोर्तुगीजांनी ज्याला कोमुनिदाद म्हटले त्या ग्रामसंस्थेची. मानशीवरच्या मासेमारीचा दर वर्षी लिलाव होई आणि त्या पैशातून बांध राखला जाई. देशावर हीच गोष्ट सावड आणि इर्जिक या शब्दांत आहे. पण सावडीत माणूस नाही गेला तर शेजाऱ्याची पेरणी लांबते. खारात नाही गेला तर सगळ्यांचे, त्याच्यासकट, तीन वर्षांचे पीक जाते, कारण मुरलेले मीठ एका पावसाने निघत नाही.

नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावर मध्ययुगात एक रीत होती. प्रत्येक जमीनधारकाच्या वाट्याला बांधाचा ठरावीक तुकडा असे. तो राखणे ज्याला झेपेना त्याने आपली कुदळ त्या बांधात रोवून निघून जायचे. जो ती कुदळ उपसेल त्याने बांधाची जबाबदारी घ्यायची आणि जमीनही. रीत निर्दय होती, पण तीत जमिनीची मालकी आणि चिखलातले काम एकाच दांड्याला बांधलेले होते. आपल्या सातबाऱ्यावर अशी कुदळ कुठे दिसत नाही.

४. बांध परका झाला तेव्हा

१९४८ चा मुंबईचा खार जमीन कायदा आणि नंतरचा १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांनी बांधांचे काम टप्प्याटप्प्याने सरकारकडे नेले. हेतू चांगला होता. खोतीच्या काळात मोडकळीला आलेले बांध उभे करायला जोळीजवळ पैसा नव्हता, आणि सरकारी योजनांनी पुष्कळ जमीन वाचवली हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण कामाचा वेग आणि भाषा बदलली. खेकड्याच्या बिळावर पूर्वी त्याच दिवशी चार ढेपळे पडत. आता त्याचे अंदाजपत्रक होते, मंजुरी होते, निविदा निघते. बीळ मंजुरीची वाट पाहत नाही. बांध ‘खात्याचा’ झाल्यावर त्यावरून रोज चालणारा माणूस हळूहळू चालेनासा झाला, आणि यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या भिंतीला कोण रोज हात लावून पाहतो?

पुढचा टप्पा जास्त विचित्र आहे. खांड पडली, भरली गेली नाही, खारे पाणी राहिले. चार-पाच वर्षांत भाताच्या शेतात तिवरे उगवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने कांदळवनाला कडक संरक्षण आहे. शहरांनी ज्या वेगाने कांदळवन गिळले ते पाहता ते हवेच होते. परंतु खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. सातबारा त्याचा, पीकपाणी कोरे, आणि शेतात असे झाड की ज्याला हात लावला तर गुन्हा. ज्या तिवराच्या फांद्या त्याच्या आजोबांनी बांधात घातल्या, बांधाबाहेर लाट मोडण्यासाठी जे तिवर त्यांनी राखले, तेच आता त्याला शत्रू वाटते. पाणथळीशी नाते तुटते ते असे, पक्षी न पाहिल्यामुळे नव्हे.

गोव्याची वाट वेगळी, मुक्काम तोच. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याकडे आली, हे न्याय्यच झाले. पण कोमुनिदादचा बांधाशी असलेला संबंध सुटला आणि कुळांच्या संघटनांना तो तितक्या जोराने धरता आला नाही. भातापेक्षा मासळीत पैसा जास्त दिसू लागल्यावर काही ठिकाणी मानस मुद्दाम उघडी राहू लागली. कोळंबीच्या तळ्यांचे पेव सगळ्याच किनाऱ्यांवर फुटले होते. सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर १९९६ मध्ये त्याविरुद्ध निकाल द्यावा लागला. विदर्भात भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, कोहळी समाजाच्या हातचे मातीचे काम, १९५० च्या मालगुजारी निर्मूलनाच्या कायद्यानंतर सरकारजमा झाले आणि पाळ कुणाची या प्रश्नाला तिथेही गाळ साचला. तीन प्रदेश, तीन कायदे, तिन्ही सामाजिक दृष्ट्या योग्य. तिघांनीही मालकीचा प्रश्न सोडवला आणि दुरुस्तीचा वाऱ्यावर सोडला.

५. आक्षेप: ही तर वेठबिगार होती

सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. खारेपाटाचे बांध ज्यांनी घातले त्यांच्या नावावर ती जमीन नव्हती. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप पुकारला तो खोतांविरुद्ध. तो १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन शेतकऱ्यांच्या सभेत बोलले. शेते पडीक राहिली, घरे उपाशी राहिली, पण पेरणी झाली नाही. गोव्यातही गावकरीच्या उत्पन्नाचा वाटा, जोण, गावकर घराण्यांतल्या पुरुषांना. चिखलात उतरणारे हात बरेचदा कुणबी-गावड्यांचे आणि बायकांचे. ‘सामुदायिक बांधकाम’ म्हणून आज ज्याचे गोडवे गातात त्यात समुदाय किती आणि हुकूम किती, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो, आणि तरीही माझा मुद्दा सोडत नाही. मातीच्या बांधकामातून समता आपोआप उगवत नाही. पण चरीचा संप सहा वर्षे टिकला कशाच्या बळावर? या हातांवाचून ती जमीन चालत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. ऑस्ट्रमचा टेलवाला आणि चरीचे कूळ यांच्या हातात शेवटी एकच हत्यार आहे: मी आलो नाही तर तुझे भागणार नाही. यंत्राने घातलेल्या पक्क्या बांधासमोर हे हत्यार बोथट होते. म्हणून जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणा असे मी म्हणणार नाही. कामाला मजुरी हवी, आणि जो काम करतो त्याला उघाडी कधी उघडायची, मासे कुणी धरायचे, कोणती खांड आधी भरायची या निर्णयात मत हवे, मग त्याच्या नावावर गुंठाभर जमीन असो वा नसो. चिखलात उतरणाऱ्या बाईला या निर्णयात मत नसेल तर तो बांध मातीचा असला काय आणि सिमेंटचा असला काय, मला फरक वाटत नाही.

६. आक्षेप: समुद्र चढतो आहे, माती कुठे पुरणार?

समुद्राची पातळी वाढते आहे, वादळे वाढली आहेत. अशा वेळी पेंढा आणि ढेपळे हा पोरखेळ वाटणे स्वाभाविक आहे. काही ठिकाणी, जिथे खाडीचा प्रवाह थेट आदळतो, तिथे दगड आणि काँक्रीट लागेलच. उघाडीचे खांबही पक्के हवेत. पण मऊ गाळावर उभी केलेली ताठ भिंत सगळीकडे सारखी खचत नाही. तिला भेग जाते, भिंतीखालून पाणी वाट काढते, आणि बाहेरून भिंत धडधाकट दिसत असल्याने ते उशिरा कळते. ती दुरुस्त करणे गावाच्या आवाक्याबाहेरचे. मातीचा बांध खचतो तेव्हा वाकतो, दिसतो, आणि त्यावर आणखी एक थर टाकून त्याची उंची वाढवता येते. चढत्या समुद्रासमोर दर वर्षी थोडा उंच होणारा बांध हवा की तीस वर्षांचा हिशेब आजच करून ओतलेला, हा प्रश्न वाटतो तितका एकतर्फी नाही.

७. आक्षेप: बांध हाच निसर्गावरचा घाला नाही का?

आहे. प्रत्येक खाजन एके काळी तिवरांचे रान होते. म्हणून नवी बंदिस्ती करा असे मी म्हणत नाही. जे आहे ते राखण्यापुरतेच बोलतो. आणि काही खांडी भरू नयेत. वीस वर्षे पाणी आत आहे, तिवरे उंच झाली आहेत, कसणाऱ्यांची मुले पनवेलला नोकरीला आहेत, अशी जमीन योग्य मोबदला देऊन खाडीला परत करावी. फक्त ते ठरवायला खांडीच्या तोंडाशी उभे राहून आत-बाहेर दोन्हीकडे पाहिलेली माणसे हवीत. उपग्रहाच्या चित्रात दोन्हीकडे हिरवेच दिसते.

८. एका दिवसाचा चिखल

अलीकडे शहरातल्या उत्साही मंडळींसाठी मातीकामाच्या कार्यशाळा निघतात. तळ्याकाठी कुडाची भिंत लिंपायची, गवताचे छप्पर शाकारायचे, जेवायचे, फोटो काढायचे. या लोकांची चेष्टा करण्याचा मोह मी आवरतो, कारण त्यांची भूक खरी आहे. पण त्या भिंतीवर कुणाचे काही अवलंबून नसते. ती पडली तर कुणाचे भात बुडत नाही, आणि पडली हे कळायला ते पुढच्या पावसात तिथे नसतात. हाताला माती लागली म्हणून नाते जुळत नाही. ज्याच्या पडण्याने आपले नुकसान होईल असे काहीतरी तिथे उभे असावे लागते.

मग शहरवाल्याने काय करायचे? नवी मुंबईच्या रहिवाशाला या प्रश्नासाठी कोकणात जाण्याची गरज नाही. सिडकोने १९७० नंतर ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवले. त्यात खार होते, मिठागरे होती. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली असल्याने डच धर्तीवर धारण तलाव केले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. ओहोटीला उघडणाऱ्या, भरतीला मिटणाऱ्या. म्हणजे लोखंडी मानस. वाशी-बेलापूरचा माणूस बांधाआड राहतो, त्याची जोळ आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेले नाही. धारण तलावांत गाळ भरला, गाळावर तिवरे आली, आणि ती काढावी की राखावी यावर महापालिका आणि कायदा यांची ओढाताण झाली. खारेपाटातला पेच शब्दशः तोच, फक्त इथे शेताच्या जागी वातानुकूलित बैठकीची खोली आहे.

९. हिशेबाची अडचण

हे सगळे परत आणण्यातली मोठी अडचण पैशाची नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. मातीकामाला मजुरी देण्याचा अनुभव या राज्याला जितका आहे तितका फार थोड्यांना असेल. अडचण हिशेबाच्या चौकटीची आहे. मातीकाम घनमीटरने मोजले जाते आणि एकदा झाले की ‘पूर्ण’ होते. त्याच बांधावर पुढच्या वर्षी पुन्हा माती टाकली तर लेखापरीक्षकाला संशय येतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही आला असता. दर वर्षीची दुरुस्ती हाच कामाचा यशस्वी शेवट मानणारा रकाना त्या तक्त्यात नाही. तो रकाना घातला, बांधावरून रोज चालणाऱ्याला बारमाही मजुरी दिली, उघाडी जोळीच्या ताब्यात दिली आणि जोळीत भूमिहीन, मच्छीमार, बायका यांना बसवले, तर सुरुवात होईल. पर्यटन खात्याला यातले काही करावे लागणार नाही.

शहरात यापेक्षाही कमी लागेल. पौर्णिमेला पूर्ण भरती बाराच्या सुमाराला येते. जुलैतल्या एखाद्या पौर्णिमेला त्याच वेळी मुसळधार पाऊस लागला की धारण तलावाची झडप मिटलेली असते आणि शहराचे सगळे पाणी तलावात थांबते. तलाव गाळाने भरला असेल तर रस्त्यावर. नंतरच्या अष्टमीला भरती सहाला येऊन गेलेली असते आणि दुपारी बाराला ओहोटी असते. तेव्हा सोसायटीतल्या दहाजणांनी खाली उतरून झडपेपर्यंत चालत जावे, तिच्या चौकटीतून पाणी गढूळ येते आहे की स्वच्छ, ते पाहावे.